घर आहे की धर्मशाळा?

"घर आहे की धर्मशाळा?" हे वाक्य मी माझ्या मुलाला किती वेळा ऐकवले असेल, याचा हिशेब एका चित्रगुप्तालाच ठाऊक. रात्री साडेअकराला दाराची कडी वाजली की हे वाक्य. जेवलेले ताट टेबलावर तसेच राहिले की हे वाक्य. चार मित्र न सांगतासवरता मुक्कामाला आले की, त्यांना पोळ्या वाढून झाल्यावर, मुलाला स्वयंपाकघरात बोलावून, दबक्या आवाजात पुन्हा हेच वाक्य. आमच्या घरात ते वारसाहक्कानेच आले आहे. माझ्या सासूबाई ह्यांना तेच म्हणत, आणि ह्यांनी ते आपल्या लेकाच्या वाट्याला येऊ दिले.

तेव्हा वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा परदेशी गेले असताना, याच मुलाने मला खुद्द लंडन शहरात एका धर्मशाळेत नेऊन उतरवावे, यात नियतीने कुठलीशी जुनी बाकी वसूल केली असेच म्हणायला हवे!

ही २०२३ सालच्या जुलैतली गोष्ट. मुलाचे दोन वर्षांचे शिक्षण संपून तिथल्या विद्यापीठात त्याचा पदवीदान समारंभ होता. हे जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. मी डोंबिवलीच्या एका शाळेत एकतीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. विमानाचे तिकीट मी माझ्या पैशांनी काढले आणि ते चारचौघांना सांगितलेही. "राहण्याचं मी बघतो," असे मुलाने कळवले होते, म्हणून मी निश्चिंत होते.

त्याने काय बघितले होते, ते किंग्ज क्रॉस स्टेशनाबाहेर पडल्यावर कळले. शेजारचे सेंट पँक्रास स्टेशन, लाल विटांचे, मनोऱ्यांचे, पाहून मला तर थेट आपल्या बोरीबंदरावर आल्यासारखे वाटले. स्टेशनापुढची ती हॉटेलची इमारत १८७३ साली उघडली आणि बोरीबंदर १८८८ साली पुरे झाले, म्हणजे ही थोरली बहीण, हे मी मुलाला शिक्षिकेच्या उत्साहाने सांगत होते. तेवढ्यात तो एका साध्या पाच मजली इमारतीपुढे थांबला आणि म्हणाला, "आई, रागावू नकोस हं. हे हॉस्टेल आहे."

हॉस्टेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॉलेजचे वसतिगृह येते. हे तसे नव्हे. इथे खोली भाड्याने घ्यायची नाही, खाट घ्यायची. एका खोलीत सहा खाटा, तीन खाली आणि तीन वर, रेल्वेच्या डब्यासारख्या. खोली फक्त बायकांची, एवढी खबरदारी चिरंजीवांनी घेतली होती. नावात 'यूथ' हा शब्द असला तरी वयाला वरची मर्यादा नव्हती. न्हाणीघर बाहेर, सामाईक. स्वयंपाकघर तळघरात, तेही सामाईक. खाटेचे भाडे रात्रीला ३२ पौंड.

"तुझ्याकडे का नाही?" मी विचारले. विद्यार्थ्यांच्या त्याच्या इमारतीत रात्री पाहुणा ठेवायला मनाई होती, आणि खोली एवढीशी की हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात. "मग हॉटेल?" तेव्हा त्याने खिशातून कागद काढला. बऱ्यापैकी हॉटेल रात्रीला दीडशे पौंडांच्या खाली मिळत नव्हते. पौंड त्या वेळी १०५ रुपयांच्या आसपास होता. आठ रात्रींचे सव्वा लाख रुपये! इथे तेच सत्तावीस हजारांच्या आत बसत होते. हिशेबात चूक नव्हती. पण आईचा अपमान हिशेबात कधी बसतो का?

"इतकी वर्षं शिकवलं, वाढवलं," मी रस्त्यातच म्हणाले, "आणि आईला धर्मशाळेत ठेवतोस?"

तो काही बोलला नाही. माझी बॅग उचलून आत गेला.

त्या रात्रीचे वर्णन काय करावे? मला वरची खाट मिळाली होती. लोखंडी शिडीचा पहिला दांडा धरून मी वर पाहिले आणि माझ्या गुडघ्यांनी मला स्पष्ट नकार कळवला. खालच्या खाटेवरची कोरियन मुलगी काही न विचारता उठली, आपली उशी-पांघरूण वर फेकले आणि माकडासारखी चढून गेली. मी आभार मानेपर्यंत तिने पडदा ओढलासुद्धा. खाटेखालच्या लोखंडी पेटीला आपले कुलूप आपणच आणायचे असते हे मला ठाऊक नव्हते. म्हणून पासपोर्ट, पैसे आणि मंगळसूत्राच्या वाट्या असलेली पिशवी पोटाशी धरून मी झोपले. हे गेल्यावर त्या वाट्या मी गळ्यात घालत नाही, पण घरीही ठेवत नाही. बाहेर रात्रीचे नऊ वाजून गेले तरी ऊन होते. परक्या देशात सूर्यसुद्धा घरी जायचे नाव घेत नाही, असे मनात आले आणि डोळे भरून आले.

सकाळी वन्संचा फोन आला. इथले आठ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. वन्संची लेक सिंगापूरला असते आणि तिच्या घराच्या गच्चीतून समुद्र दिसतो, हे आम्हा सर्व नातेवाइकांना तोंडपाठ आहे. "काय वहिनी, कुठे उतरलात?" त्यांनी विचारले.

"हॉटेलात," मी म्हणाले. "चांगलं आहे. अगदी मध्यवर्ती."

मध्यवर्ती होते हे खरे. बाकीचे खोटे बोलून मी फोन ठेवला, आणि आपल्याला खोटे बोलायला लावले म्हणून मुलावरचा राग आणखी वाढवून घेतला.

पुढच्या दोन-तीन दिवसांत मात्र मला त्या जागेची रीत कळू लागली. उतरायचे दुपारी तीननंतर, सोडायचे सकाळी दहाच्या आत, पण सामान ठेवायला वेगळी खोली. चादर, अभ्रा ते देतात, पण खाट आपली आपण घालायची, आणि जायच्या दिवशी चादर काढून टोपलीत टाकायची. टॉवेल आपला आणावा. रात्री दहानंतर मोठा दिवा लावायचा नाही. प्रत्येक खाटेला छोटा दिवा असतो. पहाटे निघणाऱ्याने सामान रात्रीच बांधून ठेवावे, म्हणजे पिशव्यांची सळसळ होत नाही. स्वयंपाकघरात आपल्या जिन्नसांवर नाव आणि जायची तारीख लिहून फळीवर ठेवायची. उरलेले तांदूळ, तेल, मीठ एका वेगळ्या फळीवर. ते ज्याला हवे त्याने घ्यावे. आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत एकच सूचना: आपले भांडे आपण धुवावे, पुसावे, जागेवर ठेवावे.

मी ती सूचना तीन वेळा वाचली. घराची धर्मशाळा झाली म्हणून मी ज्या गोष्टींवरून मुलाला बोलत आले, त्या कोणत्या? ताट न उचलणे, दिवा चालू ठेवणे, रात्री-अपरात्री आवाज करणे. आणि खऱ्या धर्मशाळेत तर नेमके तेच चालत नाही! तसे फक्त घरात चालते, कारण घरात मागून उचलायला कुणीतरी असते. ते कुणीतरी म्हणजे कोण, हे वाचक भगिनींना मी सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी मी खिचडी करायला घेतली. कुकर नव्हता, पातेले होते. मुगाची डाळ जवळच्या दुकानातून आणली होती, हळद-हिंग-मेतकूट घरचे. मोहरी तडतडली, मिरची पडली, आणि तळघरात असा खकाणा उठला की चार देशांची माणसे एकाच भाषेत खोकू लागली. धुराची घंटा वाजणार इतक्यात एका वृद्ध बाईंनी झटकन खिडकी उघडली आणि टॉवेलाने वारा घालायला सुरुवात केली. मी ओशाळून माफी मागू लागले, तर त्या म्हणाल्या, "माफी नको, ताटली द्या!"

त्या यॉर्कशायरकडच्या. सत्तरीच्या घरातल्या. लंडनच्या एका रुग्णालयात त्यांच्या धाकट्या बहिणीवर उपचार चालू होते. दर तीन आठवड्यांनी त्या दोन रात्रींकरता येत. बहिणीचे घर एका खोलीचे, तिथे जागा नाही, आणि हॉटेल परवडत नाही. "बहिणीला माझी सेवा करावी लागू नये म्हणूनही मी इथे राहते," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे उतरले तर ती आजारपणातसुद्धा मला चहा करायला उठेल."

हे वाक्य त्या बाईंनी इंग्रजीत उच्चारले, पण मला ते अगदी शुद्ध मराठीत ऐकू आले.

आम्ही तिघींनी खिचडी खाल्ली. कोरियन मुलीने दोनदा घेतली. जेवण झाल्यावर सवयीने मी सगळ्यांच्या ताटल्या गोळा करायला हात पुढे केला. त्या मुलीने माझ्या हातातून ताटली काढून घेतली, पातेलेही घेतले आणि खुणेनेच सांगितले: स्वयंपाक तुमचा, भांडी आमची. मी खुर्चीवर बसून राहिले. नळ वाहत होता, भांडी वाजत होती, आणि मी बसले होते! स्वयंपाक करून मोकळ्या हातांनी बसण्याची चैन लग्नानंतर किती वेळा वाट्याला आली, ते आठवू लागले. बोटांवर मोजण्याइतकेही प्रसंग सापडले नाहीत.

आपल्या बाईमाणसाला दोनच प्रकारे राहणे ठाऊक असते. एक यजमानीण म्हणून, म्हणजे दुसऱ्यांचे करत. नाही तर पाहुणी म्हणून, म्हणजे दुसऱ्यांच्या उपकारात. उठून मदत करावी की बसून राहावे, कुठला टॉवेल घ्यावा, आणखी अर्धा कप चहा मागावा का, या चिंतेत. त्या सहा खाटांच्या खोलीत मी पहिल्यांदाच ना यजमानीण होते, ना पाहुणी. माझ्या खाटेचे पैसे मी मोजले होते. कुणाचे काही करायचे नव्हते आणि कुणाचे देणे नव्हते. तरी गरज पडली तेव्हा खालची खाट मिळाली, खिडकी उघडली गेली, भांडी धुतली गेली.

पाचव्या सकाळी त्या कोरियन मुलीने अतिशय संकोचून मला विचारले, "तुम्ही पाठीवर झोपता का? आज कुशीवर झोपून पाहाल का?" मला उलगडा होईना. मग तिने कानांतले कापसाचे बोळे काढून दाखवले. वाचकहो, मी घोरत होते! पाच रात्री पाच मुली कानांत बोळे घालून झोपत होत्या, आणि मी मात्र परक्या माणसांत झोप कशी लागणार म्हणून काळजी करत होते. मी शरमेने अर्धी झाले. मग एकदम दुसरेच आठवले. तेहतीस वर्षे ज्यांच्या शेजारी झोपले, त्या माणसाने मला हे कधी सांगितले नव्हते. एकदाही नाही. त्या दिवशी ब्रिटिश म्युझियमकडे पायी जाताना मी वाटेतल्या एका बागेत बाकावर बसले आणि बराच वेळ उठले नाही.

म्युझियम पाहिले, तेही फुकट. १७५९ साली ते लोकांना खुले झाले तेव्हापासून प्रवेशाला पैसे न घेण्याची तिथली रीत आहे. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवायचे. १ पौंड ७५ पेन्समध्ये तासाभरात हव्या तितक्या बस बदलता येत. स्वस्त खाट, फुकट संग्रहालये आणि बस, एवढ्यावर मध्यम प्रतीचा माणूस लंडन पाहू शकतो, हे मी स्वानुभवाने सांगते.

त्याच दिवशी संध्याकाळी मुलगा मला प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवर घेऊन गेला. तिथल्या दहा नंबरच्या घरात बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना राहिले होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेऊन स्मारक केले. घरापुढे उभे राहून मुलगा म्हणाला, "आई, हीसुद्धा भाड्याचीच जागा होती." मग त्याने हायगेटच्या इंडिया हाउसची आठवण काढली. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली ते उघडले ते हिंदी विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी, आणि पुढच्याच वर्षी सावरकर तिथे राहायला आले. इतिहास मी एकतीस वर्षे शिकवला, पण तेही मुळात एक वसतिगृहच होते, हे माझ्या कधी मनात आले नव्हते.

"आणखी एक सांगू?" तो म्हणाला. "तू मला परवा म्हणालीस, आईला धर्मशाळेत ठेवतोस. धर्मशाळा हा शब्द तू शिवीसारखा का वापरतेस? शिपाईमामांच्या बायकोला तूच डबा घेऊन जायचीस ना?"

मी गप्प झाले. आमच्या शाळेतल्या शिपाईमामांच्या पत्नीवर टाटा रुग्णालयात उपचार चालू होते, तेव्हा ती दोघे दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत राहत. मी दर रविवारी डबा घेऊन जाई. सोबत मुलगा असे, तेव्हा तो सातवीत होता. गाडगेबाबा १९५६ साली गेले. ते स्वतः हातात खराटा घेऊन हिंडले, पण पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी दुसऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या करून गेले. हे मी फळ्यावर लिहून दिलेले आहे. घरी येऊन मात्र त्याच शब्दाने पोराला झोडपले आहे.

रात्री हॉस्टेलच्या दिवाणखान्यात बसून मुलाने मला या वसतिगृहांची जन्मकथा वाचून दाखवली, आणि ती निघाली एका शिक्षकाचीच. जर्मनीतल्या आल्टेना गावचे रिचर्ड शिरमान हे मास्तर १९०९ सालच्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळाने गाठले. एका खेड्यातल्या शाळेत आसरा मिळाला, कुणा शेतकऱ्याने गवत दिले, आणि मुले त्यावर झोपली. मास्तर जागेच होते. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत हिंडणाऱ्या मुलांना निजायला जागा का देऊ नये, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात असे वसतिगृह निघाले, इंग्लंडमध्ये १९३० साली संस्था झाली, पुढे आपल्याकडेही. मला हसू आले. एस.टी.ची गाडी ठरवून नेलेल्या किती सहलींत आम्ही खेड्यातल्या शाळांत उतरलो होतो! वर्गात सतरंज्या पसरायच्या, दाराला आतून बाक लावायचे, आणि आम्ही दोघी बाई दाराशी आडव्या. तेव्हा कधी अपमान वाटला नाही. लंडनलाच कसा वाटला?

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मायलेक कालव्याच्या काठच्या पायऱ्यांवर बसलो. मुलगा बराच वेळ घुटमळला आणि मग म्हणाला, "मला इथे नोकरी मिळाली आहे. पुढच्या वर्षी जरा मोठी जागा घेईन. तू डोंबिवलीचं घर विक आणि इथे ये."

या क्षणाची मला हे गेल्यापासून धास्ती होती. नाही म्हटले तर एकटी, आणि हो म्हटले तर मुलाच्या घरात जन्मभराची पाहुणी. आठ दिवसांपूर्वी मी रडले असते, किंवा रागावले असते. त्या दिवशी शांतपणे म्हणाले, "येईन. दर वर्षी येईन. पण घर विकणार नाही. आणि तुझी जागा लहान असली तर माझी खाट इथेच ठरव. खालची."

तो हसला. मग त्याने डोळे पुसले. "आई, तुला इथे ठेवताना मला फार वाईट वाटलं होतं गं," तो म्हणाला. तो त्या दिवशी रस्त्यात काहीच का बोलला नव्हता, ते मला तेव्हा कळले.

डोंबिवलीला परत आल्यावर मी पहिला फोन वन्संना केला आणि हॉटेलचे खरे काय ते सांगून टाकले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग म्हणाल्या, "वहिनी, सिंगापूरला मी महिनाभर होते ना, त्या गच्चीतून समुद्र बघण्याशिवाय मला काही काम नव्हतं हो. कपाट उघडायचं तर विचारून." त्यानंतर आम्ही दोघी तासभर बोललो. इतकी वर्षे नात्यात असून इतके कधी बोललो नव्हतो.

मागची खोली मी आता परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या दोन मुलींना राहायला दिली आहे. स्वयंपाकघरात फळ्यावर तीनच नियम खडूने लिहिले आहेत: रात्री उशीर होणार असेल तर कळवावे, उरलेले अन्न झाकून नाव लिहून ठेवावे, आपले भांडे आपण धुवावे. तिसरा नियम मलाही लागू आहे. कारण त्या मुलींच्या स्वयंपाकाच्या दिवशी मी जेवायला बसते.

गेल्या दिवाळीत वन्सं फराळाला आल्या होत्या. मुलींच्या मैत्रिणी आलेल्या, दारात चपलांचा ढीग, कुणी चकली तळतेय, कुणी कंदील लावतेय. वन्संनी चिवडा संपवून ताटली टेबलावर ठेवली, सभोवार पाहिले आणि म्हणाल्या, "वहिनी, हे घर आहे की धर्मशाळा?"

"धर्मशाळा, वन्सं," मी म्हणाले. "ताटली तेवढी विसळून ठेवा."